वाचकांचे प्रश्न : टॉप लोडमध्ये कपडे नीट निघतात का?

गेल्या अंकात वॉशिंग मशीनविषयी प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यातून आलेली बहुतेक पत्रे वरून कपडे टाकायच्या, म्हणजे टॉप लोड मशीनबद्दलच आहेत. मशीन सगळीकडे साधारण सारखेच. पाणी आणि माती मात्र गावागणिक बदलते. त्यामुळे एकाच तक्रारीचे कारण खानापुरात एक असते आणि अथणीत दुसरेच. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे ७ किलोचं नवीन फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड आहे. आधीच्या सेमी ऑटोमॅटिकमध्ये कपडे जास्त स्वच्छ निघायचे असं सासूबाई म्हणतात, आणि ते मला खोडता येत नाही. कॉलरी तशाच राहतात, कधी पावडर कपड्याला चिकटलेली असते, वरचे कपडे तर जेमतेम ओले होतात. मशीनच खराब निघालं, की हल्लीची मशीनंच अशी? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : मशीन बिघडलेले वाटत नाही. वरचे कपडे जेमतेम ओले राहतात असे तुम्ही लिहिले आहे, त्यातच उत्तर आहे : ड्रम जास्त भरला जातोय.

टॉप लोडमध्ये सगळे काम तळाची चकती करते. तिला पल्सेटर म्हणतात. ती थोडा वेळ एका बाजूला, थोडा वेळ उलट्या बाजूला फिरते. तिच्या ओढीने पाणी तळातून कडेला फेकले जाते, कडेने वर चढते आणि मधोमध पुन्हा खाली उतरते. कपड्यांनीही हाच फेरा घ्यायचा असतो. फेरा घेताना कपडा कपड्यावर घासला जातो आणि साबणाने सैल झालेला मळ सुटतो. ड्रम ठासून भरला की फेरा थांबतो. मग खालचे दोन कपडे चकतीवर झिजत राहतात आणि वरचे जागच्या जागी डोलतात.

हे तपासायला सोपे आहे. चटकन ओळखू येईल असा एक लहान कपडा सगळ्यात वर टाका. धुणे सुरू होऊन पाच मिनिटे झाली की झाकणाच्या काचेतून त्याच्यावर नजर ठेवा. दोन-तीन मिनिटांत तो खाली जाऊन पुन्हा वर यायला हवा. आला नाही, तर मशीन थांबवून एक-दोन जड कपडे काढा किंवा पाण्याची पातळी एक पायरी वाढवा.

७ किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन असते, आणि तीही कमाल मर्यादा. रोजच्या मिश्र धुण्याला ५ किलोच्या पुढे जाऊ नये असे आमचे मत आहे. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट २०० ते २५० ग्रॅम, जीन्स ६०० ते ७००, अंघोळीचा टॉवेल ४०० ते ५००, सुती साडी ५०० च्या आसपास, डबल चादर ७०० ते ९०० ग्रॅम भरते. म्हणजे दोन जीन्स, चार शर्ट, दोन टॉवेल, एक साडी आणि एक चादर यांतच साडेचार किलो होतात. 'एवढ्यात आणखी एक चादर मावेल की' म्हणून जी वर कोंबली जाते, ती सगळे धुणे बिघडवते. चादर आणि साडी चकतीभोवती गोल गुंडाळून ठेवू नका, सैल घड्या घालून कडेला सोडा. नाहीतर तिचा पीळ होतो आणि आतला पदर साबणाला भेटतच नाही.

नवीन मशीन पाणी घेण्याआधी चकती कोरडीच थोडी हलवून वजनाचा अंदाज घेते आणि त्यावर पाण्याची पातळी ठरवते. हा अंदाज होऊन गेल्यावर तुम्ही आणखी चार कपडे टाकले तर मशीनला त्याचा पत्ता नसतो, पाणी आधीच्याच हिशोबाने येते. म्हणून सगळे कपडे टाकूनच बटण दाबा. नायलॉन, पॉलिस्टरसारखे फुगीर पण हलके कपडे जास्त असतील तर पातळी हाताने वाढवा.

सासूबाईंचे निरीक्षण खोटे नाही. सेमी ऑटोमॅटिकमध्ये माणूस जवळ उभा असतो. पाणी तोच काठापर्यंत भरतो, पावडर आधी विरघळवतो, कॉलरीला ब्रश मारूनच कपडा टाकतो आणि टायमर पूर्ण १५ मिनिटांवर फिरवतो. फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये आपण 'क्विक' दाबून स्वयंपाकाला लागतो. 'क्विक'च्या अर्ध्या तासातून खळबळणे आणि पिळणे वजा केले की साबणात धुणे काही मिनिटांचेच उरते. 'क्विक' हा एकदा घातलेल्या, नुसता घाम आलेल्या कपड्यांसाठी आहे. बाकी सगळ्याला 'नॉर्मल' लावा, आणि मळ जास्त असेल तर आधी 'सोक', म्हणजे भिजत ठेवणे.

पावडर राहते कारण ती थेट कपड्यांवर पडते, किंवा पाण्याचा जोर कमी असल्याने खणातच गोळा होते. मोठ्या मगभर कोमट पाण्यात विरघळवून ती कपडे टाकण्याआधी ड्रममध्ये ओता. टॉप लोडची कमी फेसाची पावडर पूर्ण भरलेल्या ड्रमला ६० ते ७० ग्रॅम, म्हणजे साधारण पाच सपाट मोठे चमचे पुरते. हाताने धुण्याची पावडर वापरू नका. तिचा फेस कपड्यांमध्ये गादीसारखा बसतो, घासणे होत नाही, आणि दोनदा खळबळूनही साबण राहतो.

कॉलर आणि मनगट मात्र मशीनवर सोडू नयेत. अंगाचे तेल आणि धूळ यांचा तो थर असतो. कॉलर ओली करून लिक्विड साबणाचे दोन थेंब चोळा, मऊ ब्रशने हलके घासा, पंधरा मिनिटे ठेवा आणि मग ड्रममध्ये टाका. जाहिरात काहीही म्हणो, गार पाण्यावर चालणाऱ्या कुठल्याही टॉप लोडला हे काम एकट्याने नीट जमत नाही. पावडरमधली एन्झाइम ३० ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात चांगली चालतात. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतले सकाळचे पाणी याहून बरेच गार असते. पांढऱ्या कपड्यांच्या दिवशी दोन बादल्या गरम पाणी हाताने ओतले तर फरक डोळ्यांना दिसतो. ड्रममधले पाणी ५० अंशांच्या वर नको. रक्ताचा डाग असेल तर उलट करा, आधी गार पाणीच. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

प्रश्न : बोअरचं पाणी आहे. काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे येतात, टॉवेल पापडासारखे कडक होतात. पावडर वाढवली तर आणखीच वाढतं. धुण्याचा सोडा टाकू का? (अथणी, असाच प्रश्न रायबागहून)

उत्तर : हा जड पाण्याचा त्रास आहे. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला गाठतात; निम्मा साबण त्यांच्याशी झुंजण्यातच संपतो आणि मळासाठी थोडाच उरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. काळ्या रानातली कित्येक बोअर या वरच्या टोकाला असतात. घरीच अंदाज घ्यायचा तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे साठवलेले पाणी, दुसरीत बोअरचे. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. बोअरच्या बाटलीत फेसाऐवजी दुधी साका आला तर पाणी जड.

सोड्याबद्दल दोन्ही बाजू सांगतो. धुण्याचा सोडा पाणी मऊ करतो हे खरे. ४०० मिलिग्रॅम जडपणाच्या ६० लिटर पाण्याला हिशोबाने साधारण २५ ग्रॅम सोडा लागतो. पण तो कॅल्शियम नाहीसे करत नाही, खडूच्या बारीक भुकटीच्या रूपात खाली पाडतो. हीच भुकटी तुमच्या काळ्या कपड्यांवर पट्ट्यांच्या रूपात बसते. स्वस्त पावडरीत मुळातच सोडा भरपूर असतो, म्हणून पावडर वाढवली की पट्टे वाढतात. पांढऱ्या सुती कपड्यांना सोडा चालेल. काळ्या-निळ्या कपड्यांना नको, रेशमाला आणि लोकरीला तर मुळीच नको.

गडद कपड्यांसाठी टॉप लोडचे लिक्विड वापरा, ५० ते ६० मिली. त्यात भुकटी होणारे पदार्थ फारसे नसतात. पातळी एक पायरी वर, आणि एक जादा 'रिन्स', म्हणजे खळबळणे. शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात दोन चहाचे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबाचे फूल, मगभर पाण्यात विरघळवून टाका. टॉवेलचा कडकपणा याने बराच उतरतो. कंडिशनर टॉवेलला नको; त्याचा मेणचट थर बसून टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

नळाला लावायच्या दोन वस्तू बाजारात मिळतात आणि दोन्ही एकाच नावाने खपवल्या जातात. आत पांढरे खडे असलेला छोटा फिल्टर पाणी मऊ करत नाही, फक्त क्षार मशीनला चिकटू देत नाही. मिठाने पुन्हा ताजा करावा लागणारा रेझिनचा सॉफ्टनर खरोखर पाणी मऊ करतो, पण महाग पडतो. नुसत्या मशीनसाठी पहिला पुरे. कपड्यांसाठी काही करायचे असेल तर दुसराच हवा.

प्रश्न : लाल मातीने भरलेले मुलांचे गणवेश मशीनमधून काढल्यावर सगळेच कपडे तांबूस होतात. पावसात कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो. रेनकोट मशीनमध्ये पिळला तर चालेल का? (खानापूर तालुका)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी : रेनकोट, ताडपत्री, गादीचे प्लास्टिक आवरण किंवा पाणी आत न मुरणारे काहीही मशीनमध्ये पिळू नका. ड्रमची भोके अशा कापडाने बुजतात, पाणी एका बाजूला अडकते आणि मिनिटाला ७०० फेऱ्यांच्या वेगात ते अचानक सुटले की ड्रम कडेवर आदळतो. मशीन जागेवरून उडते, झाकण फुटते, सस्पेन्शनच्या सळया निखळतात. रेनकोट हाताने धुवून दोरीवर निथळू द्या.

आता माती. लाल रंग लोहाच्या गंजाचा असतो आणि मातीचे कण फार बारीक असतात. बहुतेक टॉप लोडमध्ये 'सोक'चे पाणी बाहेर जात नाही, त्याच पाण्यात पुढे धुणे होते. शिवाय पाणी सुटताना ते कपड्यांमधून गाळत जाते, म्हणजे कपडेच गाळणी होतात आणि तळाचा गाळ पुन्हा त्यांच्यावर बसतो. म्हणून चिखल ओला असताना घासू नका. वाळू द्या, झटका, ब्रशने पाडा. मग ते कपडे वेगळे टाकून आधी साबणाशिवाय एक 'रिन्स' आणि 'ड्रेन' करा, पाणी लाल होऊन निघून जाईल. त्यानंतर साबण घालून 'नॉर्मल'. पांढऱ्या गणवेशावर तांबूस छटा उरली तर क्लोरीनचा ब्लीच वापरू नका. लोहाचा डाग त्याने जात नाही, उलट पक्का होऊ शकतो. लिंबाचा रस आणि मीठ चोळून तासभर ठेवा आणि स्वच्छ धुवा.

कुबट वास जंतूंचा असतो, कपडा अनेक तास ओलसर राहिला की ते वाढतात. धुणे संपल्यावर अर्ध्या तासात कपडे काढा. रात्री लावून सकाळी काढणे हे या वासाचे मुख्य कारण. 'स्पिन' दुसऱ्यांदा लावा. पॅनेलवरचा 'एअर ड्राय' म्हणजे वेगात फिरवत हवा खेळवणे. बहुतेक टॉप लोडमध्ये हीटर नसतो, त्यामुळे त्याने कपडे पूर्ण वाळत नाहीत. दोरीवर दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवून पंखा लावा. वास मुरलाच असेल तर नुसता साबण पुरत नाही : सोडियम परकार्बोनेट असलेली ऑक्सिजन ब्लीच पावडर ४० ते ५० अंशांच्या पाण्यात विरघळवून कपडे तासभर भिजवा आणि मग धुवा. लोकर आणि रेशीम त्यात घालू नका.

प्रश्न : वाकळ मशीनमध्ये धुता येईल का? (नंदगड)

उत्तर : नाही. भिजली की तिचे वजन कित्येक पटींनी वाढते, फेरा होत नाही, आणि पिळताना मशीन एका बाजूला झुकते. हौदावर किंवा ओढ्यावरच.

प्रश्न : फौंड्रीत आणि लेथवर काम करणाऱ्यांचे तेलकट कपडे टॉप लोडमध्ये निघतात का? (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : तेल कोरड्या कापडावर असतानाच त्याच्यावर लिक्विड साबण लावला तर निघते, आधी पाणी लागले तर निघणे अवघड. कोरड्या डागावर लिक्विड किंवा भांड्यांचा द्रव साबण चोळून वीस मिनिटे ठेवा, ब्रश मारा आणि सुमारे ५० अंशांच्या पाण्यात वेगळे धुवा. घरच्या कपड्यांत मिसळू नका. गार पाण्यात ग्रीस पूर्ण सुटत नाही आणि सगळ्यांवर राखाडी झाक बसते.

खिसे उलटे करून झटकायला विसरू नका. लेथचा चुरा चकतीखाली जाऊन घासतो, पाणी जायची वाट अडवतो, आणि लोखंडाचा बारीक कण ड्रमला चिकटून गंजला की पुढच्या चादरीवर ठिपके उठतात. मशीन गंजले म्हणून तक्रार येते, बऱ्याचदा गंज चुऱ्याचा असतो. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनरने डाग पुसला असेल तर तो कपडा मशीनमध्ये अजिबात टाकू नका, हाताने धुतलेला असला तरी. वाफ बंद ड्रममध्ये साठते आणि मोटारीची ठिणगी पुरते.

प्रश्न : घरात तंबाखूचं काम चालतं. बाळाचे कपडे सोबत धुतले तर चालतील? (निपाणी)

उत्तर : वेगळेच धुवा. निकोटिन पाण्यात विरघळते आणि ओल्या कपड्यातून कातडीत शिरते. कामाचे कपडे बाहेर झटकून, एकदा साध्या पाण्याने 'रिन्स' करून मग साबणात धुवा. बाळाचे धुणे त्याच्या आधी लावा, नंतर नको.

प्रश्न : यल्लम्माच्या डोंगरावरून आल्यावर कपड्यांना भंडारा लागला होता. साबण लावताच पिवळ्याचं लाल झालं! (हुक्केरी)

उत्तर : घाबरू नका. हळदीतला रंग क्षाराला भेटला की लाल होतो, साबण धुऊन निघाला की पुन्हा पिवळा. आधी कोरडेच झटका, गार पाण्यातून काढा, वेगळे धुवा आणि कडक उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन-तीन उन्हांत जाईल.

प्रश्न : पाणी एक दिवसाआड येतं. टॉप लोड घ्यावं की नाही? वाया जाणारं पाणी पिंपात धरता येईल का? (हिंडलगा)

उत्तर : पाणी राकसकोपचे असो वा हिडकलचे, टाकीत येईल तेवढ्यातच भागवायचे असेल तर हिशोब करून घ्या. ७ किलोचे फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड एका धुण्याला साधारण १२० ते १५० लिटर घेते, जादा 'रिन्स' लावला तर त्याहून जास्त. फ्रंट लोड त्याच्या निम्म्यात भागवते, आत हीटर असल्याने पांढरे कपडे आणि तेलकट डाग जास्त चांगले काढते, पण वेळ दीड-दोन तास घेते आणि किंमतही जास्त. पाण्याची खरी टंचाई असेल तर आम्ही सेमी ऑटोमॅटिक सुचवू. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग फिके, शेवटी गडद कपडे धुता येतात. फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये ही सोय नाही.

पिंपात पाणी धरण्याआधी मशीनला पाणी फेकणारा पंप आहे का हे माहितीपुस्तिकेत पाहा. अनेक टॉप लोडमध्ये पंप नसतो. एक झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनाने खाली जाते. अशा मशीनची नळी उचलून पिंपात सोडली तर पाणी जाणार नाही आणि मशीन एरर दाखवून थांबेल. पंप असेल तर कंबरेएवढ्या उंचीपर्यंत सहसा अडचण येत नाही. साबणाचे पहिले पाणी संडासाला, शेवटचे खळबळलेले अंगण धुवायला.

आणखी एक. नळाचा जोर कमी असेल तर मशीन भरायलाच वेळ लावते. टाकीचा तळ नळापासून किमान १० फूट उंच असावा. उंची असूनही पाणी रेंगाळत असेल तर नळ बंद करून मागची नळी सोडवा. आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्याने ती हमखास भरते. पक्कडीने ओढून जुन्या दातब्रशने धुवा.

प्रश्न : इरकल साडी मशीनला चालते का? (गोकाक)

उत्तर : पूर्ण सुती असेल तर जाळीच्या पिशवीत घालून, गार पाण्यात, 'डेलिकेट'वर, एकटीच. काठ-पदर रेशमी असेल तर नाही. लाल पदराचा रंग अंगावर उतरतो आणि तो परत काढता येत नाही.

प्रश्न : धुतलेल्या कपड्यांवर काळे-तपकिरी कपटे येतात. बाहेरून ड्रम चकचकीत आहे. (चिकोडी)

उत्तर : चकचकीत दिसतो तो आतला स्टीलचा ड्रम. त्याच्या बाहेर प्लास्टिकचा आणखी एक टब असतो, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत न विरघळलेली पावडर, कंडिशनर, कपड्यांचा कोंडा आणि क्षार साचून त्यावर बुरशी धरते. तिचेच ते कपटे.

कपडे न टाकता पाण्याची सगळ्यात वरची पातळी लावा, त्यात ५० अंशांच्या आसपास होईल इतके गरम पाणी हाताने मिसळा. १०० ते १५० ग्रॅम ऑक्सिजन ब्लीच पावडर घाला, पाच मिनिटे फिरवून मशीन थांबवा आणि दोन तास तसेच राहू द्या. मग पूर्ण फेरी होऊ द्या. तरंगून आलेले कपटे चहाच्या गाळणीने काढा आणि साध्या पाण्याची आणखी एक फेरी लावा. पाणी जड असेल तर आठवड्याने हेच १०० ग्रॅम लिंबाच्या फुलाने करा, क्षार त्याने सुटतील. दोन्ही एकाच वेळी नको. लिंबाचे फूल क्लोरीनच्या ब्लीचशी तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

दोन वेळा करूनही कपटे थांबले नाहीत तर प्लग काढून चकतीच्या मधला स्क्रू सोडवा आणि चकती उचला. खाली नाणी, केसांच्या पिना आणि गाळ सापडेल. त्याच्याही आतला ड्रम काढायचे काम मेकॅनिकचे आहे. पुढे दर महिन्याला एकदा रिकामी गरम फेरी लावा, कोंड्याची जाळी प्रत्येक धुण्यानंतर उलटी करून धुवा, कंडिशनर निम्मा करा, आणि धुणे झाल्यावर ड्रम सुकेपर्यंत झाकण उघडे ठेवा. घरात लहान मूल असेल तर मात्र प्लग काढून, मूल चढणार नाही अशी खबरदारी घेऊनच.